दाराच्या मुठीवर

आठ वाजायला दोन मिनिटं असतात
तेव्हा मी चहाचा पहिला घोट घेते.
तोच शेवटचा.
कप मग दुपारपर्यंत तिथेच, वर साय धरून.

आठला फोन उघडतात.
आठ वाजून एक मिनिटाला रांगेत एकेचाळीस जण.
मशीन त्यांना सांगतं, तुमचा कॉल महत्त्वाचा आहे.
मी सांगते, आजचं संपलं.
पहिल्यांदा सांगते ते आठ एकोणीसला.
पुढचं मोजत नाही.

मी नेस्टा. खिडकीपलीकडची.
पाव घ्यायला गेले की दुकानातलं बोलणं थांबतं.
सख्ख्या चुलतभावानं विचारलं,
"तू गं कधी डॉक्टरीण झालीस?"
कारण मी विचारलं होतं, कुठे दुखतंय.
विचारावं लागतं.
तसा कागदच चिकटवलाय माझ्यासमोर.

चार डॉक्टर होते.
ह्यू निवृत्त झाला, त्याला केक होता.
सियान पर्थला गेली, तिथून समुद्राचे फोटो पाठवते,
निळे, अगदी न बघवणारे.
तिसऱ्याचं आम्ही बोलत नाही.
त्याचा मग अजून कपाटात आहे, कुणी वापरत नाही, कुणी टाकतही नाही.
उरली टेगवेन.

आमच्या वेल्समधल्या या गावावर पाटीच्या दगडाचे ढीग आहेत,
जगभरच्या पोरांनी ज्यावर मुळाक्षरं गिरवली त्या दगडाचे.
पोरांनी अक्षरं पुसली,
चुरा इथे राहिला,
थोडा डोंगरावर, थोडा छातीत.

एमरिस गेथिन, वय एक्क्याऐंशी, गुडघा.
माणशी दहा मिनिटं.
खुर्चीतून उठून तिच्या खोलीपर्यंत काठी टेकत दोन,
कोटाची बटणं, दीड.
मग गुडघा, मग गुडघ्याची गोळी,
मग बायको गेल्यापासून मांजर कसं जेवत नाही ते.
मग उठतो. दाराच्या मुठीवर हात ठेवतो
आणि पाठमोराच म्हणतो,
"तसं काही नाही, पण खोकल्यात जरा लाल दिसतं हल्ली."

"बसा, एमरिस," टेगवेन म्हणते.

भिंतीअलीकडे मला हे ऐकू येत नाही.
मला फक्त स्क्रीनवरचे चौकोन दिसतात,
एकामागून एक लाल होत जाणारे.
कान दुखणाऱ्या पोराची आई काचेवर अंगठी वाजवते.
कुणी म्हणतं, आत चहा पीत बसल्या असतील.
मी माझ्या कपाकडे बघते.

टेगवेन मला एकदा म्हणाली होती,
खरं दुखणं मुठीवरच्या हातात असतं.
पहिली नऊ मिनिटं मी नुसती त्या हाताची वाट बघते.
आणि दहाव्या मिनिटाला पुढच्या माणसाचं नाव पुकारायचं असतं.

संध्याकाळी सात. पायऱ्यांवर दिवे.
तिच्यापुढे अजून एकशे बारा रिपोर्ट,
ज्यातला एखादाच वाईट, पण कुठला ते वाचल्याशिवाय कळत नाही.
पावणेनऊला बाहेर आली, कोट घालून.
उद्या बदली डॉक्टर मिळाला का, विचारलं.
नाही म्हटलं.
बरं, म्हणाली. किल्ली आहे ना तुझ्याकडे, म्हणाली.
येते, म्हणाली.

दाराच्या मुठीवर हात.

"नेस्टा, तसं काही नाही, पण
गाडी सुरू करून मी अर्धा अर्धा तास तिथेच बसते.
घरी जायचंय हे माहीत असतं.
पाय उचलत नाही."

बाहेर तिची गाडी एकटीच होती, काचेवर दव.

"बसा, डॉक्टर," मी म्हटलं.
तेवीस वर्षांत पहिल्यांदा हे वाक्य माझ्या तोंडी.
ती एमरिसच्याच खुर्चीत बसली,
कोटाचं एकही बटण न काढता.
मी किटली लावली. सकाळचा कप विसळला.

कुठे दुखतंय, हे मात्र
मी तिला विचारलं नाही.